तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडलं कशाला?

"घरात स्टील आहे, कुकर आहे, मग हे मातीचं कुंडलं कशाला? तेही एवढे पैसे मोजून?" कुंडलं म्हणजे रांधायचं मातीचं भांडं; गोव्यातल्या डिचोलीत मी ती घडवते, आणि माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं. घुमट वाजवणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. ते वाद्यही मातीचंच, आणि २०१९ मध्ये त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. हुमण, म्हणजे माशांचं कालवण, शिजवणाऱ्या भांड्याला मात्र दरवेळी जबाब द्यावा लागतो.

पूर्वी मी तावातावानं उत्तर द्यायचे. आंबट सोलं (आमसुलं) घातलेलं हुमण ॲल्युमिनियमला खातं, मातीला नाही. कमी आचेवर भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात, म्हणून ती जाळ सोसते. १२०० अंशांवर भाजलेला चकचकीत वाडगा थेट गॅसवर ठेवलात तर तडकण्याचीच भीती जास्त. यातलं काहीच खोटं नव्हतं. कुणी शोभेसाठी कुंडलं मागितलं तर मी सरळ नाही म्हणायचे. चुलीवर चढवणार असाल तरच न्या.

मग ती चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. श्रावणभर पाऊस हटला नव्हता. भांडी सुकायला ऊन नाही, लाकडं ओली, भट्टीतून जाळापेक्षा धूरच जास्त. भट्टी उघडल्यावर मी एकेक कुंडलं उचलून बोटाच्या पेरानं वाजवत होते. नीट भाजलेलं खणखणतं. एक बद्द वाजलं. रंग छान लाल होता, काठ सुरेख आला होता. पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द. तरी बाजूला काढलं नाही. शेजारच्या काकींना शब्द दिला होता, आणि चवथीला दोनच दिवस उरले होते.

चवथीच्या सकाळी काकींनी त्यात खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, शिजवलं. उतरवताना बूड सुटलं, उकळतं खतखतं सगळं पायावर. नातू धावत आला, "ताई, तुमचं कुंडलं फुटलं!" मी पोचले तेव्हा काकी बादलीत पाय बुडवून बसल्या होत्या. मलाच म्हणाल्या, "माझंच चुकलं गो, आच मोठी झाली."

मी गप्प राहिले. त्यांचं चुकलं नव्हतं. तो बद्द आवाज मी ऐकला होता, दोनदा.

हे सांगितलं की लोक म्हणतात, बघा, म्हणूनच स्टील बरं. स्टीलशी माझं भांडण नाही, कुकर माझ्याही घरी आहे. पण घाई माझी होती, मातीची नव्हे. असं म्हणते आणि लगेच वाटतं, हे फार सोयीचं उत्तर झालं. हातानं घडवायचं तर हात कधीतरी चुकणारच. त्याचा चटका दुसऱ्याच्या पायाला का?

आता प्रत्येक कुंडलं आधी माझ्या गॅसवर चढतं, त्यात पेज शिजते, मगच ते विकायला जातं. किंमत विचारता ना, तीत हेही आलं.

काकींना मी दुसरं कुंडलं नेऊन दिलं. त्यांनी मायेनं घेतलं, चुलीवर मात्र चढवलं नाही. त्यात खडेमीठ ठेवतात. पावसाळ्यात मीठ मातीतून पाझरून बाहेर पांढरी खार धरते. गेले की मी ओल्या फडक्यानं ती पुसून काढते. परवा मीठ संपलं होतं. रिकामं कुंडलं पुसता पुसता पेरानं वाजवलं. खणखणीत.

"काकी, यात एकदा हुमण करा ना."

"बघूया गो," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.