माळवदावरची पांढरी

आमचा वाडा बघायला आलेला पाहुणा आधी कोरीव खांबांचे फोटो काढतो. मग दिंडीदरवाजा, दगडी जोतं, भिंतीतलं ज्वारीचं बळद. वर कुणी बघत नाही. मंगळवेढ्याकडे, माण नदीच्या खोऱ्यातलं असलं घर खरं तर माळवदाच्या, म्हणजे वरच्या सपाट मातीच्या छताच्या, जिवावर नांदतं.

खाली लाकडी तुळया-फळ्यांचा कडीपाट, त्यावर पाला-काटक्या, त्यावर पांढरी माती. इकडे पाऊस वर्षाला साधारण ५५०-६०० मिलिमीटर. तेवढा ही माती अंगावर झेलते. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेला तरी माजघरात दुपारी पंख्याविना डोळा लागतो. (सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटचं नाव काढू नका. तिथं रात्रीसुद्धा भिंतीला हात लावून बघावा.) माळवदावर दिवसा कुरडया वाळतात, रात्री अंथरुणं पडतात.

रोहिणी निघाल्या की आजोबा वर नवी पांढरी टाकून घ्यायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. थोडी पावसात वाहून जायची, बाकीची बसायची. जुनी काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. गळू नये म्हणून केलेली ही काळजी साचत साचत आमच्या डोक्यावर हातभर झाली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि असलीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्या भूकंपात जवळजवळ ८ हजार माणसं गेली. इथंही जमीन हलली; गावानं कित्येक रात्री अंगणात काढल्या. पुढं अनेकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. पत्रा पडला तर खोक पडेल, जीव जायचा नाही, हा हिशोब. मग उन्हाळाभर त्याखाली भाजून निघायचं. आमच्यात मात्र चुलत्यांचं एकमत झालं नाही, म्हणून माळवद राहिलं. भाऊबंदकीचेही उपकार असतात.

परवा गवंडी वर चढला, पहारीनं कोपरा उकरून बघितला. "लाकूड दणकट आहे, हे ओझं तेवढं उतरवा. वीतभर ठेवा," म्हणाला. खर्चाचं निघाल्यावर सगळ्यांच्या माना खाली. तेवढ्यात कुणीतरी बोलून गेलं, की जुनी पांढरी रानात खत म्हणून झकास. आता वाद पेटलाय तो ट्रॉल्या कुणाच्या रानात रिकाम्या करायच्या यावर. धाकट्या चुलत्यांनी ट्रॅक्टर आधीच सांगून ठेवलाय.