सासूबाईंच्या आजोबांचा दाखला

मी मिरजेची, सासर सिडनीचं. सासूबाईंचे आजोबा 1886 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये आले आणि उत्तरेला टिंघा नावाच्या गावाजवळ भाजीचा मळा करून राहिले. टिंघाला तेव्हा कथिलाच्या खाणी होत्या आणि चिनी वस्ती मोठी होती. तिथल्याच एका आयरिश घरातल्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं. आणि वर आणखी एक वाक्य, की ते एकदा बायकोमुलांना टाकून चीनला निघून गेले आणि पैसे संपले तेव्हा परत आले. सासूबाईंच्या वडिलांनी हे वाक्य जन्मभर मनात धरलं. म्हणून घरात आजोबांचा फोटो नाही, त्यांची कुठली वस्तू नाही, त्यांचं चिनी नावही कुणाला धड घेता येत नव्हतं.

गेल्या वर्षी सासूबाईंना 80 वर्षं पूर्ण झाली. माझा व्हिसा, नंतरचं नागरिकत्व, सगळे कागद मी स्वतः केले होते हे त्यांनी पाहिलेलं. एका रविवारी जेवणानंतर म्हणाल्या, “तुला कागद सापडतात. माझ्या आजोबांचा चेहरा शोधून दे.”

आजोबांचं नाव मी इथे लिहीत नाही. सासूबाईंनीच तसं सांगितलंय. आजोबांची नोंद त्यांना न विचारता पुष्कळ झाली आहे, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवात कुठून करायची हेच आधी कळेना. हळूहळू समजलं की चिनी माणसाची नोंद या देशात इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारे घेतली गेली की ती सापडायलाच हवी. आजोबा आले तेव्हा 1881 चा कायदा होता. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे 10 पौंड डोईपट्टी. दोनच वर्षांनी, 1888 मध्ये, ती 100 पौंड झाली, आणि जहाजाच्या दर 300 टनांमागे एकाच चिनी माणसाला उतरायची परवानगी. मग 1901 मध्ये सगळ्या वसाहतींचं मिळून एक राष्ट्र झालं आणि त्या राष्ट्राच्या पहिल्या काही कायद्यांमध्येच स्थलांतर रोखण्याचा कायदा आला. त्यात ‘चिनी’ हा शब्द कुठेही नाही. आहे ते श्रुतलेखन. अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत 50 शब्दांचा उतारा सांगणार आणि बंदरावर उभ्या माणसाने तो लिहून दाखवायचा. भाषा निवडायची अधिकाऱ्याने. ज्याला इंग्रजी येतं त्याला दुसरी एखादी भाषा द्यायची, म्हणजे झालं. 1909 नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. ती तशीच बेतलेली होती. 1958 च्या कायद्याने ती रद्द होईपर्यंत चालली.

आता जो माणूस आधीपासून इथे राहतोय, ज्याचा मळा इथे आहे, मुलं इथे आहेत, तो आईला भेटायला गावी गेला तर परतताना त्यालाही हेच श्रुतलेखन. त्यातून सुटायचं तर निघण्याआधी सूट मिळाल्याचा दाखला काढावा लागे. त्यासाठी अर्ज, ओळखीच्या गोऱ्या माणसांची शिफारसपत्रं, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो, गावच्या पोलिसाचा चालचलणुकीचा अहवाल. दाखल्याच्या मागच्या बाजूला डाव्या हाताच्या पंजाचा शाईचा ठसा. दाखल्याच्या दोन प्रती असत. एक प्रवाशाकडे, दुसरी कस्टम्सच्या दप्तरात. माणूस परत आला की अधिकारी बोटीवर चढून चेहरा आणि पंजा ताडून बघत. मुदत बहुधा तीन वर्षांची. या देशात जन्मलेल्या, पण बाप चिनी असलेल्या मुलांनाही हेच सोपस्कार चुकत नसत.

हे दप्तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सिडनीहून दिलेल्या दाखल्यांच्या मालिकेचा क्रमांक एसटी 84/1 आणि कस्टम्सच्या पत्रव्यवहाराचा एसपी 42/1. कुणाला असंच काही शोधायचं असेल तर हे दोन क्रमांक लिहून ठेवा, माझे दोन महिने ते कळण्यातच गेले. आणि फक्त दाखल्यावर थांबू नका. दाखल्यावर चेहरा मिळतो. माणूस मिळतो तो पत्रव्यवहारात.

खरी अडचण नावाची. थडग्यावर तीन चिनी अक्षरं होती, त्यांचा फोटो काढून मी चिनी शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवला. त्यांनी मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, उच्चार सांगितला, तो मी रोमन लिपीत घालून शोधत बसले. एकही नोंद नाही. नंतर कुणीतरी लक्षात आणून दिलं की आजोबा ज्या भागातले, त्या चार तालुक्यांची, त्याला ‘सेइ याप’ म्हणतात, बोली वेगळी. तेच अक्षर, उच्चार पार निराळा. त्यात चिनी माणूस आडनाव आधी सांगतो आणि इंग्रज कारकून शेवटचा शब्द आडनाव धरतो. शिवाय ‘आ’. ग्वांगडोंगकडच्या कँटोनीज भाषेत जवळच्या माणसाला हाक मारताना नावाआधी ‘आ’ लावतात. कारकुनाने नाव विचारलं, माणसाने घरी हाक मारतात ते सांगितलं, आणि ‘आ’ आडनावाच्या रकान्यात जाऊन बसला. आपल्याकडे कुणाचं ‘बंड्या’ किंवा ‘पक्या’ सरकारी कागदावर चढावं आणि पुढे नातवंडांचं ते आडनाव व्हावं, तसं. सासूबाईंच्या माहेरचं आडनाव असंच तयार झालेलं आहे. लग्नापर्यंत त्यांनी ते लावलं आणि ते आडनाव नाहीच, हे त्यांना 80 व्या वर्षी कळलं. त्या दिवशी त्या फार बोलल्या नाहीत.

मग मी एक तक्ता केला. उच्चार सात-आठ प्रकारे, पुढचं मागे, मागचं पुढे, ‘आ’ सकट आणि ‘आ’ शिवाय. दाखल्यांच्या यादीत एकेका नोंदीत बरीच नावं ओळीने दिलेली असतात, आणि कंसात लिहिलेलं असतं की डाव्या हाताचा ठसा आणि फोटो आत आहेत. रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं की तासभर मी ती नावं वाचत असे. चिनी नावांच्या मध्येच सिंग यायचा, खान यायचा. हा कायदा भारतीयांना, अफगाणांना, सीरियन लोकांना, जपान्यांनाही लागू होता, हे तोवर मला माहीत नव्हतं. माझ्याच देशातल्या माणसांचे पंजे त्याच खोक्यांत होते.

आणि पंजाचा ठसा घेण्याची ही युक्तीसुद्धा आपल्याकडेच आधी वापरली गेली. 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि पुढे मुकरू नये म्हणून त्याच्या पूर्ण पंजाचा ठसा कागदावर घेतला. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, ती पद्धत पुढे लंडनच्या पोलिसांनी उचलली. मला मात्र हे वाचताना माझी आई आठवली. आधारच्या वेळी तिची बोटं मशीनवर उमटेचनात. 40 वर्षं राखेने भांडी घासलेली बोटं. पोरगा सारखा म्हणत होता, “मावशी, जरा दाबून ठेवा.”

दाखला मिळाला तो फेब्रुवारीत. साल 1911. वाचनकक्षात जायला आधी सभासद-कार्ड काढावं लागतं, कागद मागवून ठेवावे लागतात, आत फक्त पेन्सिल. मी सासूबाईंना नेलं नव्हतं, चुकीचा माणूस निघाला तर त्यांना त्रास नको म्हणून. खोक्यातून कागद बाहेर आला. समोरून एक फोटो, बाजूने एक. कोट घातलेला, केस बारीक कापलेले. नाक आणि कपाळ माझ्या नवऱ्याचं. मी तारीख, गाव, वय पुन्हा पुन्हा तपासलं, पण ते कपाळ बघितल्यावर तपासायची गरज नव्हती. मागे पंजा. बोटांच्या मधल्या पेरांवर रेघाच नव्हत्या, शाईचा सपाट डाग. मळ्यात राबलेला हात. मी माझा हात टेबलाखाली घेतला, का ते मला सांगता येणार नाही.

पण दाखल्यावर 1914 ची मुदत होती आणि परतीची नोंद 1915 ची. मुदत संपल्यावर हा माणूस आत आलाच कसा? म्हणून मी पत्रव्यवहाराची फाइल मागवली. तिला आणखी तीन आठवडे लागले.

फाइलमध्ये पहिलं पत्र आजोबांच्या वतीने कुणीतरी हाँगकाँगहून लिहिलेलं. मजकूर थोडका. पाय मोडला आहे, चालता येत नाही, दाखल्याची मुदत संपते आहे, बायको आणि मुलं टिंघाला आहेत, एक वर्ष वाढवून मिळावं. त्याला जोडून टिंघाच्या एका दुकानदाराचं पत्र, की मी या माणसाला बरीच वर्षं ओळखतो, तो प्रामाणिक आहे. त्यावर वरच्या साहेबाचा शेरा की खरोखर कुटुंब आहे का, याची पोलिसांकडून खात्री करून घ्यावी. आणि शेवटी पोलीस शिपायाचा अहवाल.

तो अहवाल मी वाचनकक्षात तीनदा वाचला. शिपाई मळ्यावर गेला होता. त्याने लिहिलंय की बाई तिथेच राहते, मळा तीच बघते, कुणाचं देणं नाही. थोरला मुलगा वय सुमारे नऊ, भाजीची गाडी हाकून गावात माल पोचवतो. नवऱ्याकडून पत्रं येतात असं बाई म्हणाली. तो परत यावा अशी तिची इच्छा आहे. खाली सही, तारीख. पुढच्या पानावर मुदत वर्षभर वाढवल्याचं दोन ओळींचं उत्तर.

आजोबा परत आल्यावरही त्यांना मोकळीक नव्हती. 1916 पासून महायुद्धामुळे परदेशी म्हणून पुन्हा नोंदणी, पत्ता बदलला तर पोलिसांना कळवणं. इथे 30 वर्षं राहिलेल्या माणसाला. तो कागद मी अजून शोधते आहे.

एखाद्या घरावर कुणी लक्ष ठेवतं तेव्हा मला संताप येतो, आणि तो मला या फाइलचाही आला. दारात उभा राहून बाईला ‘तुझा नवरा खरोखर आहे का’ विचारणं, हे काय विचारणं झालं? पण त्या शिपायाने ते विचारलं नसतं तर ती काय म्हणाली हे आज कुणालाही कळलं नसतं. घरात कुणी ते लिहून ठेवलं नव्हतं, आणि तिच्या मुलाने तर उलटंच सांगितलं. हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी आहे आणि मी ते मिटवायचा प्रयत्न सोडून दिलाय.

घरी येऊन मी सासूबाईंसमोर सगळ्या प्रती ओळीने मांडल्या. त्यांनी आधी चेहरा पाहिला. बराच वेळ. पंजा पाहिला आणि कागद उलटा करून ठेवला. मग अहवाल मला मोठ्याने वाचायला लावला. ‘वय सुमारे नऊ’ आलं तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“बाबांना घोडागाडी हाकता यायची?”

मी म्हटलं, “इथे तसंच लिहिलंय.”

“त्यांनी कधी सांगितलं नाही.” थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मळ्यापासून गाव किती लांब असेल गं?”

मला सांगता येईना. त्यांनी चष्मा पुसला आणि नकाशा आणायला सांगितला.