शेवट ठाऊक असलेलं नाटक

मी दर जत्रेला दशावतार, म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघायला मुंबईहून गावी जातो हे कळलं की लोक विचारतात, ‘शेवट माहीत असताना रात्रभर जागून बघता काय?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगतो.

आजवर माझं उत्तर ठरलेलं होतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कोण कोणाला मारणार ते पुराणात ठरलेलं, पण बोलणं नट तिथल्या तिथे रचतात. एक लाकडी बाकडं, पायपेटी, मृदंग, झांज, एवढ्यावर रात्र उभी राहते. काय होणार ते ठाऊक असतं, कसं होणार ते नसतं. हे खोटं नाही. पण मग १८८२ पासून ‘सौभद्र’ हे संगीत नाटक बघत आलेल्यांचं काय? तिथे शब्दन्‌शब्द ठरलेला, पदं पाठ, सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे पोराटोरांनाही ठाऊक, तरी वन्समोअर! आणि टीव्हीवरच्या मालिकेत पुढचं वाक्य आधीच कळलं की मीच चिडून उठतो. हे मला अजून जुळवता आलेलं नाही.

जे सांगायचं टाळत आलो ते वेगळंच आहे.

मी १९ वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तापाने गेला होता. मार्गशीर्षात जत्रा आली, आख्यान हरिश्चंद्राचं. मी मुंबईत कॉलेजात शिकत होतो आणि गावच्या गोष्टी मला आधीच कळतात याचा मला फार अभिमान होता. तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात आली. हरिश्चंद्राने तिला ओळखलं नाही, कर मागितला. तारामती झालेल्या नटाने त्या रात्री विलाप लांबवला, लांबवला. मृदंग थांबला, नुसती पायपेटी सुरात धरलेली. शेजारी बाबा रडत होते. मला त्यांची लाज वाटली. मी म्हटलं, ‘रडतास कित्याक, बाबा? आता देव येतलो, पोरगो उठतलो.’

पुढचे लोक वळून बघायला लागले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘उठतलो, ता माका म्हायत आसा. पण अजून उठाक नाय ना.’

तेव्हा मला वाटलं, मी बरोबरच बोललो होतो. गोष्टीपुरतं पाहिलं तर होतोच. पण आमच्या घरातला उठणार नव्हता, आणि ते मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नव्हतं. याची माफी मी कधी मागितली नाही.

बाबांचं वाक्य हेच माझं उत्तर, असं पुढे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. माहीत असणं वेगळं आणि तिथवर पोचणं वेगळं. पण तेही पुरत नाही. कारण त्यानंतर जेव्हा जेव्हा हरिश्चंद्राचं आख्यान असायचं तेव्हा रोहिदास उठायच्या जरा आधी बाबा पाणी प्यायला म्हणून देवळामागे जायचे. परत यायचे ते पहाटे, खेळ संपतानाच्या दहीकाल्याला.