नुसते मासे

दुपारी ओटा आवरून पंख्याखाली जरा आडवी होते न होते, तोच भाचीचा मेसेज. ‘मामी, रविवारी आम्ही सगळे येतोय. सगळे म्हणजे आठ-नऊ जण. तू उगाच घाट घालू नकोस हं. नुसते मासे कर.’ खाली दोन हसरे चेहरे.

नुसते मासे! मे महिना, ठाण्याचा उकाडा, पश्चिमेकडे तोंड केलेलं स्वयंपाकघर, आणि आठ-नऊ माणसांना नुसते मासे. तिच्या लेखी श्रीखंड-पुरी म्हणजे घाट. श्रीखंड डब्यातून निघतं, बटाट्याची भाजी कुकरमधून निघते, पुऱ्या तेवढ्या लाटायच्या. पण तो घाट. पोरीचाही दोष नाही म्हणा. तिच्यासमोर मासा येतो तो तळून, लिंबाची फोड घेऊन येतो. त्याआधी तो कुठे होता, कोणी खवले काढले, हाताचा वास किती वेळा साबण लावून गेला, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही.

रविवार ठरला हे मात्र नशीब. आमच्याकडे माशांसाठी वार सापडणं हेच मोठं काम. थोरल्या दिरांचा सोमवार, नणंदेचा गुरुवार, जाऊबाईंचा मंगळवार आणि शनिवार. उरले तीन. त्यात संकष्टी आली, एकादशी आली, कोणीतरी मध्येच नवस बोललेलं असतं. कालनिर्णय समोर घेऊन फोनवर फोन होतात तेव्हा कुठे एक दुपार मोकळी मिळते. आमच्या बाजारातल्या कोळणीला मात्र हे सगळं तोंडपाठ. ‘ताई, उद्या संकष्टी, आज स्वस्त देते’ असं तीच मला सांगते.

माझं एक मत आहे. घरात ते कोणालाही मान्य नाही, आणि म्हणूनच ते अजून ठाम आहे. माणसं जमतात त्या दिवशी मासा तळू नये.

बोंबलाचंच घ्या. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. पोट चिरायचं, मधला काटा काढून तो उघडायचा, मीठ लावायचं, फडक्यात एकाशेजारी एक मांडायचे आणि वर वजन ठेवायचं. पूर्वी पाटा ठेवत. आता पाटा कुठला? मी परात पालथी घालून तिच्यावर गव्हाच्या पिठाचा डबा ठेवते. तासाभराने फडकं पिळण्याइतकं भिजलेलं असतं आणि बोंबील चपटा होऊन पडलेला असतो. मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, मग तांदळाचं पीठ आणि थोडा रवा, मग तवा. एवढं करून तव्यावरून उतरल्यावर त्याचं आयुष्य फार तर पाच मिनिटं. तेवढ्यात समोर पान आणि पानासमोर माणूस नसेल, तर तो पुन्हा होता तसा लिबलिबीत होतो. सुरमईची तुकडी जरा दम धरते, पण तीही गरम खाण्यातच मजा. हॉटकेसमध्ये ठेवलेली तुकडी खाण्यापेक्षा मी वरणभात खाईन.

म्हणजे बाकीच्यांनी बसायचं आणि तळणारीने उभं राहायचं. भेटायला आलेल्या माणसांचा आवाज बाहेरून ऐकायचा, विनोद अर्धा कळायचा, आणि कोणीतरी दारातून डोकावून ‘तूपण बस ना गं आता’ म्हणत रिकामी ताटली पुढे करायची.

आमचं गाव मालवणहून आचऱ्याच्या वाटेवर. मे महिन्यात सगळी चुलत-आत्ते भावंडं तिथे जमायची. पहिली पंगत मुलांची, दुसरी पुरुषांची, तिसरी बायकांची. आणि तिन्ही पंगतींना चुलीपाशी काकू. लोखंडी तवा, खोबरेल तेल, उजव्या हातात उलथनं, डाव्या हातात पदराचं टोक घाम टिपायला. कोणाला कडक लागते, कोणाला शेपटीकडची नको, कोणता पोरगा काटा काढून दिल्याशिवाय जेवत नाही, हे सगळं तिला न विचारता माहीत. तुकडी तव्यावर टाकली की ती हलवायची नाही, आपसूक सुटेपर्यंत थांबायचं, हे मी तिच्याकडे बघून शिकले. तिने शिकवलं असं नाही. तिला शिकवायला वेळ कुठे होता?

आणि मासे झाले की त्या दिवशी दूध, दही, ताक बंद. माशांवर दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग उठतात, हा आजीचा कायदा. बाहेर ऊन रणरणत असायचं, तिठ्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजायची, आणि आम्ही ओटीवर बसून ती ऐकायचो. आता डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं. आमची बंगाली शेजारीण तर मासा दह्यातच शिजवते, दोई माछ म्हणते, आणि तिची कांती माझ्यापेक्षा नितळ आहे. तरी मासे झाल्यावर मी फ्रीजमधून आइस्क्रीम काढत नाही. आंबा कापते, तोसुद्धा नुसता. आमरसात दूध घालणाऱ्यांकडे त्या दिवशी लक्ष ठेवावं लागतं.

या कायद्यातून सुटका फक्त काकूची. तिन्ही पंगती उठल्यावर ती बसायची तेव्हा तिच्या पानात ताकभात आणि कैरीचं लोणचं. दुपारभर तव्यावरचा धूर नाकात गेल्यावर तिला माशाकडे बघवत नसे. मासाच नाही म्हणून ताकाची बंदीही नाही. आम्हा पोरांना तिचा फार हेवा वाटायचा. सगळ्या घरात काकूला तेवढं गार गार ताक!

एका गोष्टीत मात्र तळण्याचा प्रश्नच येत नसे. सकाळी किनाऱ्यावर रापण लागायची. होडीने अर्धगोल फिरून टाकलेलं लांबच लांब जाळं, त्याचे दोन दोर दोन बाजूंना, आणि ते ओढायला येईल तो. आम्ही पोरं दोराच्या अगदी मागच्या टोकाला लोंबकळायचो. ओढत कमी, ओढले जात जास्त. ओल्या दोराने तळहात सोलवटायचे. दोन्ही बाजूंची माणसं सरकत सरकत जवळ आली की समजायचं, खोळ आता दिसणार. मग एकदम आरडाओरडा, घारी-कावळे, वाळूवर उडणारी चांदी. ओढणाऱ्याला वाटा मिळतो हा रापणीचा नियम, आणि तो पोरांनाही लागू. आमच्या वाट्याला यायचे मूठमूठ पेडवे, एखादी करली, चार सुंगटं, नावही माहीत नाही असे दोन-तीन बारके जीव. तो खजिना फ्रॉकच्या ओच्यात घेऊन घरापर्यंत पळायचं.

आजी ते सगळं एकाच मडक्यात घालायची. ठेचलेला लसूण, मिरचीपूड, हळद, मीठ, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांच्या फोडी, वरून कच्चं खोबरेल. फोडणी नाही, वाटण नाही. हाताने कालवून मडकं मंद चुलीवर ठेवायचं आणि पळीने न ढवळता फडक्यात धरून नुसतं गोल हलवायचं, म्हणजे मासा मोडत नाही. धबधबीत तिखलं. पेजेबरोबर. ते होईपर्यंत आजी ओटीवर येऊन आमच्यात बसलेली असायची, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

तर रविवारचा बेत. बांगड्याचं तिखलं शनिवारी रात्रीच करून ठेवायचं, कारण ते दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. आंबट-तिखट आत मुरतं. (शनिवारी रात्री नुसतं शिजवायचं, खायचं नाही, त्यामुळे जाऊबाईंचाही शनिवार मोडत नाही.) बांगड्याला तिरफळं हवीतच, सुकी चालतात, आतली काळी बी काढून टाकायची आणि जरा चेचून घालायची. कोलंबीत तिरफळ घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी मी बोलते, पण मनापासून नाही.

कोलंबीचा भात. सोलायला वेळ लागतो हे खरं. पण पाटावर बसून चार जणांनी गप्पा मारत सोलावी अशी ती एकच मासळी आहे. पाठीला चीर द्यायची, काळा दोरा ओढून काढायचा, यात पोरांनाही मजा येते. डोकी-सालं टाकायची नाहीत. पाण्यात उकळून ते पाणी गाळून भातालाच वापरायचं. आणि कोलंबी भात होत आल्यावर घालायची. आधीपासून शिजवली तर चावून चावून दात दुखतात. एकदा झाकण लावलं की स्वयंपाकघरात कोणाचं काही काम नाही.

तिसरा पदार्थ गोलमो, म्हणजे तुमचा सुका जवळा. यावरून घरात वाद होणार आहे. पाहुण्यांना सुकं कसलं वाढतेस, असं मला सांगितलं जाईल. पण मे अखेर म्हणजे आगोटीचे, पावसाच्या तोंडावरचे दिवस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी, म्हणून आधीच घरोघरी बेगमी होते आणि यंदाचा नवा जवळा बाजारात आलेला असतो. चाळणीत चाळून वाळू काढायची, कोरडाच खमंग भाजायचा, हाताने चोळून मिशा पाखडायच्या. मग कच्चा कांदा, कैरीचा कीस, ओलं खोबरं, मिरची, मीठ. झालं. भाजताना खिडकी बंद ठेवायची की उघडी, हा ज्याच्या त्याच्या सोसायटीचा प्रश्न आहे. मी बंद ठेवते, मग वास घरात दोन दिवस राहतो आणि तो मला आवडतो.

पापलेट नाही. भाव हे एक कारण, आणि २०२३ साली सरकारने त्याला राज्य मासा केल्यापासून मला त्याच्याकडे बघून जरा अवघडल्यासारखं होतं. पिल्लंच जाळ्यात जायला लागली, मासा कमी झाला, म्हणून हा मान आला. तरी परवा बाजारात तळहाताएवढी पापलेटं वाट्यात मांडलेली होती, आणि लोक घेतही होते.

सोलकढी जेवायच्या अर्धा तास आधी. गरम करायची नाही, सकाळी करून ठेवायची नाही. या उन्हात नारळाचा रस दुपारपर्यंत विटतो. आणि तिचा रंग फिका येतो तो येऊ दे. ज्या सोलकढीचा गुलाबी रंग ओठांना लागतो तिच्यात बीट असतं.

एवढं सगळं मी भाचीला कळवलं. तिने अंगठा पाठवला, आणि मग, ‘पण एक तुकडी तरी तळशील ना?’

तळीन बहुधा. सुरमई आणणारच आहे, नाहीतर जेवणानंतर महिनाभर ऐकावं लागेल. फक्त तवा बाहेर टेबलावर इंडक्शनवर ठेवणार आणि ज्याला हवी त्याने आपली आपण तळून घ्यायची. तेल उडेल, फरशी निसरडी होईल, कोणाची तुकडी जळेल. जळू दे.

तुकडी चिकटू नये म्हणून काकू तव्यावर आधी काहीतरी करायची, मीठ भुरभुरायची की कढीपत्ता, मला नक्की आठवेना. म्हणून संध्याकाळी तिला फोन लावला. आता तिला ऐकू कमी येतं, सगळं दोनदा सांगावं लागतं. म्हटलं, काकू, तुझी तुकडी एवढी कुरकुरीत कशी व्हायची गं? ती जरा वेळ बोललीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, ‘कुरकुरीत होती? माका काय म्हायत गो.’