मॅक्स लेव्हल झाल्यावर चिडता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सेवा केंद्रावर पीकविम्याचे अर्ज भरायला येणारी पोरं हे विचारतात. माहेरी गेले की भाऊ विचारतो. ऑनलाइन गेममधल्या आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच. "ताई, मॅक्स लेव्हल झाली ना तुमची? मंग आता त्याच्यात उरलं काय? अन् एवढं चिडता तं सोडून काहून देत नाही?"

उरलंय काय, हे सांगणं सोपं आहे. चिडतो का, याला जरा वेळ लागेल.

ज्यांनी हे गेम कधी उघडलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये तुमचं एक पात्र असतं आणि त्याच जगात हजारो माणसांची पात्रं एकाच वेळी फिरत असतात. कामगिऱ्या करत गेलं की लेव्हल वाढते आणि एका आकड्यावर येऊन थांबते, ती मॅक्स लेव्हल. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा तो आकडा ६० होता. ६० झाली की दार लागत नाही, उलट उघडतं. मोल्टन कोअर नावाच्या रेडमध्ये, म्हणजे गटानं करायच्या मोहिमेत, तेव्हा ४० जणांनी मिळून उतरायचं असे. तिथला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पाडला की चिलखत, तलवार असं सामान पडतं, म्हणजे ड्रॉप. ते अंगावर घालून त्याहून अवघड रेड. लेव्हल एकट्यानं वाढवता येते, पण इथून पुढे माणसं जमवावी लागतात. या सगळ्याला एंडगेम म्हणतात, आणि खरा गेम इथंच सुरू होतो असं जुने खेळाडू म्हणतात ते मला पटतं.

मी हीलर आहे, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारी. माझ्या स्क्रीनवर डाव्या बाजूला सगळ्यांच्या जिवाच्या हिरव्या पट्ट्या असतात. बॉस हात वर करतो, जमिनीवर लाल गोल उमटतो, सगळ्यांनी पळत त्या गोलात एकत्र उभं राहायचं, म्हणजे फटका वाटला जातो. एक जण बाहेर राहिला तरी बाकीचे मरतात. फटका बसला की सगळ्या पट्ट्या एकदम खाली येतात आणि त्या क्षणासाठी मी मोठा हील राखून ठेवलेला असतो. आधी सोडला तर वाया, उशिरा सोडला तर टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा, गेला. कानात कुणीतरी "आता, आता" म्हणत असतं. पट्ट्या परत वर चढतात तेव्हा जो आनंद होतो, तो मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही अशा माणसांना त्या रात्री मी वाचवलेलं असतं, आणि त्यांनी मला. म्हणून मी खेळते. तेच तेच खेळण्याचा मला कंटाळा नाही. एकाच बॉसवर महिनाभर वाइप खाल्ले, म्हणजे सगळेच्या सगळे मेलो, तरी नाही.

मग त्रास कशाचा?

बनवणाऱ्यांची अडचण आधी समजून घ्यायला हवी. एक रेड तयार करायला कित्येक महिने जातात. पट्टीचे खेळाडू ती थोड्या दिवसांत संपवतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या गेमचं तर महिन्याचं वर्गणीचं गणित आहे, सुमारे १५ डॉलर, आणि खेळाडू रिकामा बसला की वर्गणी बंद. मधली पोकळी भरायला तीन गोष्टी वापरतात: कुलूप, लॉटरी आणि रोजचं काम. एका बॉसचं सामान आठवड्यातून एकदाच मिळणार, हे कुलूप. मिळेलच असं नाही, ही लॉटरी. आणि रोज लॉगिन करून चार कामं केली नाहीत तर ताकदीचा अमुक हिस्सा बुडाला, हे रोजचं काम.

यातलं कुलूप आमच्याकडे सगळ्यात जास्त टोचतं.

आमच्या गिल्डचा टँक घाटंजी तालुक्यातला पोरगा होता. घरचं शेत, विहिरीवर हरभरा आणि गहू. शेतीची लाईन आमच्याकडे एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची असते. रात्रीची आली की त्याला टॉर्च आणि काठी घेऊन ओलिताला जावंच लागे. दाऱ्यावर उभं राहून पाणी फिरवायचं, रानडुकरांकडे लक्ष ठेवायचं, लाईन गेली की मोटर बंद आणि आली की परत सुरू. असा माणूस साडेनऊच्या रेडला कसा येणार? सोयाबीनची सोंगणी आली की तो पंधरा दिवस दिसत नसे, पुढे कापसाचे वेचे सुरू झाले की आणखी काही दिवस. यात त्याचा दोष नाही आणि शेताचाही नाही. पण गेमचा आठवडा दर बुधवारी सकाळी कोरा होतो. चुकलेला आठवडा परत मिळत नाही. आम्ही बाकीचे दर आठवड्याला एखादी वस्तू वाढवत होतो, तो जिथल्या तिथे. मग असं झालं की टँक म्हणून त्याचा हात आमच्यात सगळ्यात चांगला, पण अंगावरचं सामान सगळ्यात हलकं. त्याच्या पट्टीला सांभाळताना माझे सगळे हील संपायचे, आणि हे त्यालाही दिसायचं. एका रात्री तो म्हणाला, "ताई, माह्यामुळं तुमचं सगळ्यांचं अडून रायलं." आम्ही नाही म्हटलं, मनापासून म्हटलं. तरी तो हळूहळू यायचा थांबला.

मला राग येतो तो याचा. जो माणूस बॉसला घाबरला नाही, ज्याला खेळ येत होता, ज्याला आम्ही हवे होतो आणि आम्हाला तो हवा होता, त्याला एका कॅलेंडरनं बाहेर काढलं. ज्यांचे आठवडे सारखे असतात त्यांना ही कुलुपं कधी जाणवत नसतील. गावात आठवडे सारखे नसतात.

लॉटरीचं गणितही सांगते, कारण "नशीब नाही आज" म्हणून लोक ते सोडून देतात. समजा एखादं धनुष्य पडण्याची शक्यता दहा टक्के आहे. पोरं म्हणतात, दहा वेळा गेलं की मिळेल. तसं होत नाही. दहा वेळा जाऊन शंभरातल्या पस्तीस जणांना ते मिळालेलं नसतं. वीस वेळा जाऊनही बारा जण रिकामे. आणि आठवड्याला एकच संधी असेल तर वीस वेळा म्हणजे जवळजवळ पाच महिने. त्यात ते पडलं तरी कुणाला मिळणार हे ठरवायला फासे टाकायचे. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याचा आकडा मोठा आला की ते त्याचं. पाहुण्यानं काही चूक केलेली नसते, म्हणून चिडायलाही समोर कुणी नसतं. ती चिडचिड मग गिल्डमध्येच एकमेकांवर निघते. चांगल्या गिल्ड मी अशाच फुटताना पाहिल्या आहेत, मोठ्या भांडणानं नाही, एका अंगठीवरून.

हे असंच असायला हवं असंही नाही. उपाय माहीत आहेत आणि ते चालतात. फायनल फँटसी फोर्टीनच्या अवघड रेडमध्ये दर आठवड्याला बॉस पाडल्याची खूण म्हणून हमखास एक टोकन मिळतं. फासे कधीच लागले नाहीत तरी टोकनं साठवून वस्तू घेता येते. लॉस्ट आर्कमध्ये हत्यार वाढवताना ते फसू शकतं, पण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक एक पट्टी भरत जाते आणि ती भरली की यश नक्की. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये काही वर्षं पडलेली वस्तू आपोआप, नुसत्या नशिबानं अधिक ताकदीची होण्याची सोय होती. त्यामुळे आपल्याकडे आहे ते सामान शेवटचं असं कुणालाच म्हणता येत नसे. ती सोय २०२० मध्ये त्यांनी काढून टाकली. लॉटरी राहू दे, माझी हरकत नाही, वस्तू अचानक पडल्याचा आनंद मोठा असतो. पण तिला तळ हवा. इतके आठवडे आलात तर रिकाम्या हातानं जाणार नाही, एवढं लिहून द्या.

चिडण्याचं आणखी एक कारण नवीन पॅचचं, म्हणजे गेममध्ये मध्येमध्ये येणाऱ्या नव्या भराचं. पाच महिने घालवून मिळवलेलं सामान, पॅच आला की गेममधल्या बाजारात सोन्याच्या नाण्यांवर मिळणाऱ्या सामानापेक्षा हलकं ठरतं. यावर मला उत्तर मिळतं की नवीन माणसाला जुन्यांच्या बरोबरीला यायला वाट हवी. बरोबर आहे, वाट हवीच. आमच्या टँकला तीच तर हवी होती. पण ती जुन्याची किंमत शून्य करूनच काढावी लागते असं नाही. गिल्ड वॉर्स टूनं २०१२ मध्ये लेव्हलची हद्द ८० ठेवली आणि ती आजवर वाढवलेली नाही. त्याच वर्षी आणलेला सगळ्यात वरचा सामानाचा दर्जा अजूनही सगळ्यात वरचाच आहे. वर्षभरानं परत आलात तरी तुमचं चिलखत चालतं. नवीन येतं ते वेगळं असतं, नवा प्रदेश, नवी सवारी, नवी कौशल्यं. ओल्ड स्कूल रूनस्केप आमच्या केंद्रावर येणारी पोरं मोबाइलवर खेळतात. त्यात एका कौशल्याची ९९ लेव्हल करायला १,३०,३४,४३१ इतका अनुभव, म्हणजे गुण, लागतो आणि ९२ ला पोचलात तेव्हा त्यातला फक्त अर्धा झालेला असतो, ६५,१७,२५३. ऐकून धडकी भरते. पण तिथं मी पोरांना फारसं चिडलेलं पाहिलं नाही, कारण झालेली ९९ कुणी काढून घेत नाही. कापूस वेचायला महिनाभर गेलात तर आकडा तिथंच तुमची वाट पाहतो.

मला इथं शंकरपट आठवतो, आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. माझे मामा तळेगाव दशासरच्या पटाला जोडी न्यायचे. तीच सरळ धाव, तीच माणसं कडेला, घड्याळावर सेकंदाच्या भागापर्यंत मोजलेला वेळ, दरवर्षी तेच. कुणी म्हटलं नाही की पटात आता नवीन काय आहे. पुढच्या वर्षी कुणी दुसरी दमदार जोडी आणली म्हणून मामांच्या जोडीनं काढलेला टाइम कुणी पुसला नाही, आणि मधली दोन वर्षं गेले नाहीत म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांना कुणी दोरीबाहेर उभं केलं नाही. एंडगेमकडून मला तेवढंच हवंय. अवघड ठेवा, हवं तितकं अवघड ठेवा. आलो नाही त्याचा दंड लावू नका.

पार्टी, म्हणजे रेडसाठी गट, शोधण्याबद्दल लांबवत नाही. "अनुभव असेल तरच घेऊ" म्हणणारे लोक ज्याला अनुभव घ्यायचाय त्याला घेत नाहीत, आणि हे गेम बदलून सुटणार नाही, खेळणाऱ्यांनीच सोडवायचंय. सामानाचा आकडा बघून माणसाला किक करणाऱ्यांबरोबर, म्हणजे गटातून काढणाऱ्यांबरोबर, मी रेड करत नाही.

आता सोडून का देत नाही, ते. मध्येमध्ये मी सोडते. फायनल फँटसी फोर्टीनचे दिग्दर्शक नाओकी योशिदा जाहीरपणे सांगत आलेत की करण्यासारखं संपलं तर थांबा, दुसरे गेम खेळा, नवा पॅच आला की परत या. वर्गणीवर चालणाऱ्या गेमचा माणूस हे म्हणतो याचं मला फार मोल वाटतं, आणि मी माझ्या गेमपुरतं ते पाळायला शिकलेय. रोजची कामं मी बंद केली. त्यानं ताकद थोडी कमी पडते, ती मी हात सुधारून भरून काढते. खरीप विम्याची मुदत जवळ आली की केंद्रावर रात्री दहापर्यंत गर्दी असते, त्या दिवसांत लॉगिनच करत नाही. गिल्डमध्ये कुणी हिशेब विचारत नाही, कारण आम्ही तसा नियमच केलाय: जो येतो त्याच्यासह रेड, जो नाही त्याची जागा राखलेली, आणि परत आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात फासे न टाकता सामान. हा नियम टँक गेल्यानंतर केला. त्याला निरोप पाठवलाय. हरभरा निघाला की बघतो म्हणाला.

सध्या आम्हाला दोन डीपीएस, म्हणजे मारा करणारे, हवेत आणि तो येईपर्यंत एक टँक. रेड शनिवारी आणि रविवारी रात्री साडेनऊला. सर्व्हर सिंगापूरचा आहे, त्यामुळे मोबाइल डेटावरही जेमतेम चालतो. बोलणं मराठीत, वऱ्हाडी चालेल, हिंदीही चालेल. आयटम लेव्हल, म्हणजे सामानाचा आकडा, विचारणार नाही. लाल गोल उमटला की पळत गोलात या, बाकीचं मी सांभाळते.