त्या तुकड्याचं तुम्ही करता तरी काय?

लग्नात, रेल्वेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मी टिश्यू बँकेत काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ तुम्ही ठेवून घेता? कशाला? विकता की काय?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

विकत नाही. संशोधनासाठी ठेवतो, तीही अख्खी गाठ नाही. काढलेला भाग आधी पॅथॉलॉजिस्टकडे जातो. निदान काय, गाठीच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, हे त्यांनी बघून घेतलं की उरलेल्यातून हरभऱ्याएवढा तुकडा आम्हाला मिळतो. जमलं तर शेजारच्या निरोगी भागाचाही एक, तुलनेसाठी. गाठच लहान असली तर आम्ही हात हलवत परत येतो. पेशंटचा रिपोर्ट आधी, संशोधन नंतर. यात घासाघीस नाही.

बँक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फ्रीजर येतो. आमच्याही आला होता. उणे ८० अंशांचा फ्रीजर आधी घेतला, बाकीचं नंतर सुचलं. पण सगळी मेख आहे ती सर्जनने रक्तवाहिनी बांधल्यापासून तुकडा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंतच्या वेळात. रक्त थांबलं की पेशी गुदमरतात, काही जनुकं भलत्या वेळी जागी होतात, कोणती जनुकं जागी आहेत हे सांगणारा आरएनए तुटायला लागतो. तासभर ट्रेमध्ये राहिलेला तुकडा दिसतो तसाच. संशोधकाला मात्र त्यात कॅन्सर किती आणि ट्रेमधला तास किती, हे वेगळं काढता येत नाही.

आम्ही अर्धा तास ही मर्यादा ठरवली, डॉक्टरांना स्लाइड दाखवल्या, भिंतीवर तक्ते लावले. नमुने उशिराच येत राहिले. कारण साधं होतं. नमुन्याचा डबा आणणारे ऑपरेशन थिएटरमधले मामा लिफ्टसाठी थांबायचे, वाटेत दुसऱ्या वॉर्डाची फाइलही पोचवायचे. घाई कशाची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मामा मालवणकडचे. मी म्हटलं, "मामा, होडीतून उतरलेला बांगडा आणि दुपारपर्यंत उन्हात राहिलेला बांगडा, फरक कळतो ना?" "वासानंच कळतो, मॅडम." "आम्हाला मशीनवर कळतो." त्यानंतर मामा जिन्याने यायला लागले. शिवाय डब्यावर वेळ लिहून आणायचे, तीही पेन्सिलने, कारण स्पिरिट सांडलं की पेनाची शाई जाते हे त्यांना आमच्याआधी माहीत होतं. (साधे स्टिकर नायट्रोजनमध्ये सुटून पडतात, हे आम्ही आमच्या खर्चाने शिकलो.)

आता कबुलीचं. मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण आमचा फ्रीजर ज्या सॉकेटवर होता तो जनरेटरच्या लाइनवर नव्हताच. अलार्मने इमानेइतबारे फोन लावला, आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या टेक्निशियनला. सकाळी झाडायला आलेल्या मावशींनी लाल दिवा बघितला. पडद्यावर उणे ३८. नमुने आम्ही फेकले नाहीत, लपवलेही नाहीत. प्रत्येकाच्या नोंदीत त्या रात्रीचं तापमान लिहिलं. डीएनए चिवट असतो, त्यावरच्या कामाला त्यातले बरेच चालले. आरएनएसाठी मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. माझ्या मते बँकेची पत अशा नोंदींवर ठरते, फ्रीजरच्या किमतीवर नाही.

राहिली संमती. अमेरिकेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या. त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या, विकल्या गेल्या, आणि घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संमती लागते, ती नंतर काढूनही घेता येते. पण कागद झाला म्हणजे विचारणं झालं असं नाही. सुरुवातीला आम्ही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी फॉर्म न्यायचो. त्या वेळी माणूस कशावरही सही करतो. एका काकांनी सही करून हळूच विचारलं, "नसती केली तर नंबर मागे गेला असता का?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही फॉर्म ओपीडीत आणला. घरी न्या, वाचून घ्या, नाही म्हणा.

आणि लोक म्हणतात. मिश्रीने गालाचा कॅन्सर झालेल्या एक आजी होत्या. मुलगा म्हणाला, "करून टाक सही, आई, आपलं काय जातंय." आजी म्हणाल्या, "माझं जातंय." मी रजिस्टरमध्ये "नाही" लिहिलं. तीन महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा ओपीडीची रांग सोडून माझ्या खोलीशी आल्या. "न्हाई ना ठिवलं?" मी रजिस्टर काढून त्यांचं नाव आणि पुढचा शब्द दाखवला. आजींना वाचता येत नव्हतं. मुलाला बोलावून त्यांनी तो मोठ्याने वाचून घेतला आणि रांगेत परत गेल्या.