तारकर्लीचा रेग्युलेटर सिल्फ्रात चालत नाही

आइसलंडला निघताना सामानाचे वजन मर्यादेबाहेर जात असूनही मी माझा स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे स्कूबा डाइव्हमध्ये सिलिंडरमधली हवा श्वासाजोगती करून तोंडात देणारे उपकरण, हट्टाने बरोबर घेतला होता, कारण तारकर्लीत आणि अंदमानात पाण्याखाली त्याने मला एकदाही दगा दिला नव्हता. थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यानाच्या वाहनतळावर आमच्या वाटाड्याने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, ‘ईएन २५०’ या युरोपीय मानकाच्या खुणेशेजारी कोरलेली ‘१० अंशांहून अधिक तापमानाच्या पाण्यासाठी’ अशा अर्थाची बारीक खूण मला दाखवली आणि काही न बोलता तो गाडीत परत ठेवून दिला. इतकी वर्षे वापरूनही ती खूण मी कधी वाचली नव्हती.

सिल्फ्रा ही उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्टांच्या मधली पाण्याने भरलेली भेग. हिमनदीचे पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकातून कित्येक दशके झिरपत तिथे पोचते आणि बाराही महिने २ ते ४ अंश सेल्सिअसच राहते. सिलिंडरमधली २०० बार दाबाची हवा रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, एकदम दहाएक बारवर उतरते आणि प्रसरण पावताना गारठते. मालवणच्या कोमट समुद्रात भोवतालचे पाणी त्या धातूला ऊब देत राहते. इथे मात्र पाणीच गोठण्याच्या बेतात असल्यामुळे यंत्रणेत बर्फ धरू शकतो, झडप उघडीच अडकते आणि हवा भसाभसा वाहून जाते. थंड पाण्यासाठीच्या रेग्युलेटरची चाचणी म्हणूनच वेगळी घेतात.

पोशाखाचेही तेच. अंदमानात ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरला होता. इथे लोकरी कपड्यांवर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख, चढवला. त्याची रबरी गळपट्टी डोक्यातून ओढताना कान मुडपून आत गेले आणि दोन मिनिटे मला धड गिळताही येईना. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणजे खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचे शिसे कमी लागायला हवे. पण ड्रायसूटमधली हवा वर उचलते, म्हणून प्रत्यक्षात ते तारकर्लीपेक्षा बरेच जास्त बांधावे लागले.

तेव्हा प्रत्येक डाइव्हनुसार साधने बदलावीत, हे मला त्या वाहनतळावरच पटले. मात्र याच तर्काचा उलटा वापरही मी पाहिला आहे. कोकणातल्या एका बोटीवर मार्गदर्शकाकडे ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला श्वास घेता यावा म्हणून असणारा जादा रेग्युलेटर, नव्हता आणि विचारल्यावर “इथं सहा-सात मीटरच तर जायचंय” असे उत्तर मिळाले होते. हे मला मुळीच मान्य नाही. दाबाचा पटीतला फरक उथळ पाण्यातच सर्वांत मोठा असतो: दहा मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते, आणि हवा संपल्यावर घाबरून श्वास रोखून वर येणारा नवखा माणूस तिथेच जायबंदी होतो. थंडीसाठी लागणारा रेग्युलेटर, सुटाची जाडी, शिशाचे वजन पाण्याप्रमाणे ठरावे. जादा रेग्युलेटर, दाबमापक आणि तपासणी झालेला सिलिंडर यांत मात्र ‘उथळ आहे’ म्हणून सूट असू नये. सिल्फ्रात खोलीची कमाल मर्यादा १८ मीटर असूनही आमच्यापैकी एकाकडेही यातले काही कमी नव्हते.

लोखंडी जिन्याने उतरून पाण्यात शिरलो तेव्हा ओठ क्षणात बधिर झाले आणि पुढची अर्धी-पाऊण घटका रेग्युलेटर दातांत आहे की नाही, हे केवळ श्वासाच्या आवाजावरून कळत होते. खाली निळाई इतकी स्वच्छ होती की भेगेच्या पार टोकाचे खडक दिसत होते. वाटाड्याने आधीच बजावले होते, की पाण्याबाहेर, उघड्या थंड हवेत, विनाकारण रेग्युलेटरमधून श्वास घेऊ नका. वर आल्यावर मी तो निमूटपणे तोंडातून काढला. हातमोज्यांत पाणी शिरून बोटे इतकी आखडली होती, की सुटाची चेन मला स्वतःला उघडता आली नाही. ती त्यानेच उघडली.